शेवटचा काळा

बामणोदच्या मळ्यात भरताची वांगी भाजायला
उजेड हवा होता,
म्हणून माझ्या गाडीचे दिवे दीड तास पऱ्हाट्यांच्या जाळाकडे बघत राहिले.
कुणाच्याच लक्षात आलं नाही.
बडगीत वांगी कुटली जात होती, मिरची तळली जात होती,
केळीच्या पानावर कळण्याच्या पुऱ्या आल्या,
आणि दिवे आधी पिवळे झाले,
मग हळदीचे,
मग नुसते डोळ्यांचे खड्डे.

रात्री साडेअकराला किल्ली फिरवली.
टक्. टक्. टक्.
पालीच्या चुकचुकण्याएवढाच जीव.

सगळे पुरुष एकदम मेकॅनिक झाले.
नंदावे म्हणाले, ढकला.
मोठ्या दिरांनी बॉनेट उघडून आत मान घातली,
ओठात बिडी तशीच.
मी अठरा वर्षं भुसावळच्या शाळेत विद्युतधारा शिकवते,
धन, ऋण, बाण कुठून कुठे, सगळं पाठ.
पण हातात धरायला कधी
दोन वायरींपलीकडे काही आलं नव्हतं.

मग शेजारच्या बागेतून रुबाब तडवी आला,
केळीची पिकअप घेऊन. पहाटे सावद्याला माल जायचा होता.
"भाऊ, बिडी इझवा पहिले."
मग बॅटरीवर टॉर्च मारून चारी बाजूंनी पाहिली,
फुगली नाही, कुठे गळत नाही,
वैद्य जीभ बघतो तशी.
पिकअप समोर आणून उभी केली,
नाकासमोर नाक, मधे हातभर अंतर.
अबोला धरलेल्या जावा लग्नात बसतात तशा,
समोरासमोर,
पण पदराला पदर लागू न देता.
दोन्ही गाड्या बंद. दिवे, पंखा, रेडिओ, सगळं बंद.

लाल चिमटा माझ्या मेल्या बॅटरीच्या अधिकला.
लालचं दुसरं टोक त्याच्या अधिकला.
काळा त्याच्या उण्याला.
उरलेला काळा हवेत धरून तो थांबला,
"याले कशालेच लागू द्यायचं नाही," म्हणाला.

मी हात पुढे केला. माझ्या उण्याकडे.
फळ्यावर हजारदा पूर्ण केलेलं ते वर्तुळ.
"तिठी नाही, मॅडम."
का नाही? उण्याला उणं, परिपथ तर पुरा होतो,
मी विचारलंच, शाळेतल्या आवाजात.

त्यानं उत्तर दिलं नाही.
टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर धरली.
डाव्या गालावर, कानापर्यंत,
कातडी वांग्याच्या सालीसारखी चुरमडलेली,
भुवईचं अर्ध टोक उगवलंच नव्हतं परत.
"बॅटरीतून गॅस निघते. दिसत नाही.
शेवटच्या चिमट्याले ठिणगी पडतेच पडते.
ती तिठून लांब पडली पाह्यजे."

आणि इंजिनाच्या एका उघड्या, रंग नसलेल्या बोल्टला,
बॅटरीपासून होता होईल तेवढा दूर,
त्यानं तोंड वळवून तो काळा लावला.
मिणमिणती ठिणगी.
काजव्याएवढी.
दिरांनी विझलेली बिडी खिशात घातली.

पिकअप सुरू झाली. पाच मिनिटं
आम्ही काहीच केलं नाही.
कुणीतरी विचारलं, भरत उरलंय का?
उरलं होतं. रुबाबनं उभ्यानंच दोन पुऱ्या खाल्ल्या,
डोळा वायरींवर ठेवून.
"आता मारा सेल्फ."

गाडी खोकली, थांबली,
आणि मग एकदम तिला सगळं आठवलं.

काढताना उलटं. जो शेवटी, तो पहिला.
पैसे म्हटलं तर हसला, अर्धाच,
गाल तेवढाच हसू देत होता.
"भुसावळ येईपर्यंत बंद नका करू,
आन् उद्या बॅटरी दाखवा कोणाले तरी."

सोमवारी नववी ब. फळ्यावर दोन बॅटऱ्या काढल्या,
लाल खडूनं एक रेघ, पांढऱ्यानं दुसरी,
आणि पांढरीचं शेवटचं टोक
पुस्तकात नसलेल्या एका बोल्टकडे नेलं.
मागच्या बाकावरून भूषण झोपे:
"मॅडम, हे परीक्षेले आहे का?"

नाही, म्हटलं.
काढून घ्या.